तुफानराव, अर्थात आमचे अण्णा

समस्त नाशिककरांना, विशेषतः सातपूर भागातल्या ज्येष्ठ मंडळींना आणि त्यांच्या अजाण नातवंडांना, अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येत आहे की हे शहर एकेकाळी संपूर्ण विनाशापासून वाचवलं गेलेलं आहे. एकदा नव्हे, दर रविवारी. संध्याकाळी सातला संकट यायचं आणि साडेसातच्या आत ते टळायचंच, कारण साडेसातला केबलवर सिनेमा लागायचा आणि त्याच्या जाहिरातींचे पैसे आगाऊ घेतलेले असायचे. ज्या इसमाने हे महान कार्य केलं त्याचा पुतळा शहरात कुठेही नाही. त्याच्या नावाचा चौक नाही, साधा बसथांबाही नाही. या अन्यायाची दाद कुठे मागावी हे मला कळत नाही, म्हणून हे प्रकरण लिहायला घेतलं आहे. सदर इसम उंचीने बेताचा, पोटाने सढळ, एका कारखान्यात स्टोअरकीपर, आणि माझा बाप होता.

अण्णा मूळचे बागलाणातल्या नामपूरचे. बाजारात कांदा विकायला जायचं, येताना नाटक बघायचं आणि घरी पोचेपर्यंत कांद्याचा भाव विसरायचा, अशा घराण्यात त्यांचा जन्म. नोकरीसाठी सातपूरला आले तेव्हा सोबत एक वळकटी आणि एक मेकअपची पेटी होती. कारखान्याच्या कामगार नाट्यमंडळात त्यांनी कित्येक वर्षं निष्ठेने सेवा केली. दूत, दुसरा दूत, हवालदार, आणि एका रहस्यनाटकात प्रेत. प्रेताचं काम ते इतके समरसून करत की मध्यंतराचा पडदा पडल्यावरसुद्धा त्यांना हलवून उठवावं लागे. शेवटी मंडळाला त्यांची दया आली आणि एका वर्षी त्यांना म्हाताऱ्या सेनापतीचं काम मिळालं. हा सेनापती तिसऱ्या अंकात खाटेवर पडल्यापडल्या मरतो, आणि मरण्याआधी राज्याच्या भवितव्याबद्दल सविस्तर बोलतो. खाट कारखान्याच्या वॉचमनकडून आणली होती. तिने वॉचमनला बिनतक्रार सांभाळलं होतं, पण सेनापतीचा शोक तिला पेलवला नाही. अण्णांनी 'माझ्या मातीला सांगा' म्हणून हात वर केला आणि खाटेचा पायथ्याकडचा पाय निखळला. सेनापती घसरगुंडीवरून यावा तसा सरळ खाली आला आणि राणीच्या पायांशी जाऊन थांबला. सभागृह जे हसलं ते हसलं. अण्णांनी उरलेलं भाषण जमिनीवरून पूर्ण केलं. एकही वाक्य गाळलं नाही, आणि प्रत्येक वाक्याला हशा मिळाला.

तोपर्यंत आमच्या घरात सकाळी घड्याळाची गरज नव्हती. आधी स्टोव्हचा फर्र आवाज, मग आईच्या भाकरीची थापथाप, आणि मग आरशासमोर दाढी करणाऱ्या अण्णांचं गुणगुणणं. ते कुठलं पद आहे हे आम्हाला कधी कळलं नाही, कारण तोंडाला फेस असायचा. पण ते नाट्यपद आहे असा त्यांचा दावा होता आणि कोणी तो खोडून काढला नव्हता. त्या सेनापतीनंतर ते थांबलं. मेकअपची पेटी गोणपाटात गुंडाळून माळ्यावर गेली. अण्णा रागावले नाहीत, कोणाशी बोलणं टाकलं नाही, जेवण सोडलं नाही. फक्त दाढी मुकाट्याने करू लागले. दोन खोल्यांचं आमचं घर, पण त्या काळात सकाळी ते इतकं मोठं वाटायचं की विचारू नका. एकदा पीठ मळता मळता आई मला म्हणाली, "शुभे, लोक पुन्हा एकदा असे हसले ना यांना, तर हा माणूस आतून वाळून जाईल." मी नववीत होते. माणूस आतून कसा वाळतो हे मला कळलं नाही, पण आईचा चेहरा बघून विचारायची हिंमत झाली नाही.

आईबद्दल इथेच एक खुलासा करते. ती हसत नसे. दुःखी होती म्हणून नव्हे, तिला वेळ नव्हता. फारच मोठा विनोद झाला तर नाकातून एक बारीकसा श्वास सोडायची आणि पुन्हा कामाला लागायची. अण्णा रोज जेवताना तिला स्टोअरमधला एखादा किस्सा सांगत, साहेबाचा आवाज वेगळा, हेल्परचा वेगळा, मध्येच उठून चालून दाखवत. ती शेवटपर्यंत शांतपणे ऐकून घेई आणि मग विचारी, "झालं? भात वाढू?" लग्न झाल्यापासून हा प्रयोग चालू होता. जगातल्या कुठल्याही नाटकाला इतका थंड प्रतिसाद मिळूनही ते इतकी वर्षं चाललेलं मला माहीत नाही.

तर अशा काळात आमच्या आयुष्यात बापू अवतरला. बापू म्हणजे आमच्या भागाचा केबलवाला. कॉलनीच्या डोक्यावर काळ्या वायरींचं जे जाळं होतं त्याच्या मध्यभागी तो कोळ्यासारखा बसलेला असायचा. त्याचं स्वतःचं एक स्थानिक चॅनल होतं. त्यावर वाढदिवसाचे फोटो, हरवलेल्या गाईंची वर्णनं आणि मंडळांची निवेदनं दाखवून दाखवून तो कंटाळला होता. बाहेरच्या चॅनलांवर उडणारी माणसं बघून त्याला वाटलं की आपल्याकडे काय कमी आहे. पैसे, कॅमेरे, कलाकार आणि अक्कल एवढं सोडलं तर खरंच काही कमी नव्हतं. त्याने मालिका काढली. नाव ठेवलं 'तुफानराव'. दिवसा साधा कारकून, संकट आलं की वाऱ्याच्या वेगाने धावून जाणारा वीर. नायक म्हणून पंचवटीतल्या तालमीतला एक गडी ठरला होता. छाती दरवाजाएवढी, पण संवाद म्हणायची वेळ आली की तो घाम पुसायचा. दोन रविवार वाया गेल्यावर बापू संवाद पाठ करू शकणारा माणूस शोधत आमच्या दारात आला.

अण्णांनी आधी नाही म्हटलं. मग पोटाकडे बघून नाही म्हटलं. बापू म्हणाला, "अण्णा, पोटाचं टेन्शन नका घेऊ. पब्लिकला आपला माणूस पाहिजे. आपल्याकडं सपाट पोटाचा माणूस बघितला की लोक विचारतात, आजारी आहे का?" आई दारात उभी होती. तिने एकच प्रश्न विचारला, उडणार ते कुठून आणि उतरणार कुठे. बापूने प्रामाणिकपणे सांगितलं की उडण्याचं अजून ठरलं नाही. त्या रात्री माळ्यावरून गोणपाट खाली आलं. सकाळी दाढी करताना अण्णांचा आवाज लागला. तव्यावरची भाकरी उलटायची राहिली आणि करपली. आई ती करपलेली भाकरी स्वतः खायला बसली.

वीराला पाठीवर झूल लागते. बापूने ती आणून दिली, म्हणजे झूल नव्हे, एक पडदा. लाल मखमली. काही वर्षांपूर्वी त्याने आपल्या आजीच्या स्मरणार्थ कॉलनीच्या मंडळाला रंगमंचाचा पडदा भेट दिला होता, वाजतगाजत. आपल्याकडे रीत अशी की माणूस गेला की त्याचं नाव कशावर तरी आलं पाहिजे. बाकावर, पंख्यावर, पाण्याच्या टाकीवर. पंख्यावर तर असं येतं की पंखा बंद असला तरच दिवंगत दिसतात. या पडद्यावर वीतभर उंचीची रुपेरी जरीची अक्षरं होती: 'कै. ठकूबाई यांच्या स्मरणार्थ सप्रेम भेट'. पुढे एका दिवाळीत फटाक्याने पडद्याचं एक टोक जळलं, मंडळाला नवा पडदा मिळाला, आणि हा बापूकडे परत आला. आईने कात्री हातात घेतल्याबरोबर बापू मध्ये पडला. आजीच्या नावाला कात्री लावायची नाही. वाटेल ते करा, पण नाव अखंड राहिलं पाहिजे. आईने मग पडदा असा बेतला की नाव आतल्या बाजूला गेलं, आणि वर पिवळं अस्तर लावून ते झाकलं. मालिका संपली की पडदा परत द्यायचा होता, म्हणून अस्तराला नुसता धावदोरा घातला. आई आता ऐंशीच्या घरात आहे. हा मजकूर तिला वाचून दाखवला तेव्हा ती म्हणाली की टाका कच्चा नव्हता, कापड जुनं होतं. तिचं म्हणणं इथे नोंदवलं आहे. आता पुढे.

मालिका कशी होती? आजकाल माझा भाचा फोनवर परदेशी वीर बघतो. त्यांच्या एकेका उडीत आमच्या अख्ख्या सातपूरचं वर्षाचं बजेट खर्च होत असेल. ते वीर उदास असतात, पावसात उभे राहतात, आपण कोण आहोत असा प्रश्न त्यांना पडतो. तुफानरावांना असले लाड परवडत नव्हते. आपण कोण आहोत हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. फक्त ते सांगताना एकदा घोटाळा झाला. शत्रूने गर्जून विचारलं, कोण आहेस तू? आणि आवेशाच्या भरात अण्णांची बागलाणी अहिराणी जागी झाली. "मी तुफानराव शे!" दुसरा टेक घ्यायला कॅसेट शिल्लक नव्हती. ते तसंच गेलं, आणि पुढचे कित्येक महिने कॉलनीतली पोरं दार वाजवल्यावर कोण आहे विचारलं की हेच उत्तर द्यायची.

शत्रूचं नाव काळोखासुर. हे काम शेजारच्या जगतापकाकांकडे होतं. ते शाळेत पी.टी. शिकवायचे आणि त्यांचं 'सावधान' पलीकडच्या गल्लीतल्या लोकांनाही लागू व्हायचं. काळोखासुराचा उद्देश जगभर अंधार करणं हा होता. ही बापूची खरी प्रतिभा, कारण त्यामुळे अर्धा भाग अंधारातच चालायचा आणि लाइटचं भाडं वाचायचं. कधी भाग चालू असताना खरोखरची वीज जायची. लोक बराच वेळ काळ्या पडद्याकडे बघत बसायचे आणि मग म्हणायचे, आजचा भाग जमलाय. तुफानरावांची शक्ती होती वारा. वाऱ्यासाठी बापूच्या मेव्हण्याने पिंपळगाव बसवंतहून द्राक्षबागेत औषध मारायचा ब्लोअर आणला होता. पहिल्याच युद्धात तुफानरावांनी हात पुढे केला, ब्लोअर चालू झाला, आणि कळलं की टाकीत मोरचुदाचं पाणी राहिलं होतं. काळोखासुर निळा झाला. तो निळेपणा आठवडाभर उतरला नाही. जगतापकाका निळ्या कानांनी शाळेत जाऊन आले. बापू डगमगला नाही. पुढच्या भागापासून काळोखासुर निळाच, कारण विचारायचं नाही.

आणि उडणं? वीर उडतो हे सर्वांनी मान्य केलं होतं, पण तो उडताना दिसत नव्हता. तुफानराव पाण्याच्या टाकीमागे जायचे. कुकरच्या शिट्टीचा आवाज व्हायचा. मग चार माणसं वर बघून माना फिरवायची आणि त्यातला एक जण म्हणायचा, "गेले बघा, मखमलाबादच्या वरून चाललेत." पुढच्या दृश्यात तुफानराव दुसऱ्या टाकीमागून केस विस्कटलेले असे यायचे. तरी सांगते, ही मालिका चालायची. अख्खं सातपूर रविवारी सातला घरात असायचं. कथा वाईट, आवाज फाटका, चित्रात मुंग्या. आणि तरी लोकांना ती हवी असायची. कारण तुफानराव काहीही करताना ते खरं मानून करायचे. अण्णा टाकीमागे गेले की खरोखर मखमलाबादला जाऊन आल्यासारखे धाप लागून परत यायचे. इतक्या भक्तीने केलेलं इतकं वाईट काम मी पुन्हा कधी पाहिलं नाही. तेच बघून लोक पोट धरधरून हसायचे.

घोळ इथेच होता. बापूला वाटत होतं की आपण विनोदी मालिका काढली आहे. अण्णांना वाटत होतं की आपण वीररसाची मालिका करतो आहोत. आणि सगळ्या सातपूरला ठाऊक होतं की अण्णांना हे ठाऊक नाही. पहिल्या भागाच्या दिवशी अर्धी कॉलनी आमच्याकडे जमली, कारण वीराच्या घरी बसून वीराला बघण्याची मजा वेगळी. जगतापकाकूंच्या तोंडून पहिला फिस्स आवाज बाहेर पडायच्या आत आईने त्यांचा दंड धरून त्यांना मोरीत नेलं. बाहेर आल्यावर तिने सगळ्या बायकांना बाजूला घेऊन नियम सांगितला. ज्याला हसायचं असेल त्याने उठायचं, मोरीत जायचं, नळ पूर्ण सोडायचा, हसून घ्यायचं, तोंड धुवायचं आणि परत येऊन बसायचं. जो बाहेरच्या खोलीत हसेल त्याला पुढच्या रविवारी दार उघडणार नाही.

नियम पाळला गेला. दर रविवारी सात ते साडेसात आमच्या मोरीपुढे रांग असायची. आईने खाण्याचाही विचार केला होता. आधी तिने चिवडा ठेवून पाहिला, पण तोंडात चिवडा असताना हसू आलं तर काय होतं ते भिंतीवर दिसलं. मग ती शेंगदाण्याची चिक्की करू लागली, पाक मुद्दाम कच्चा ठेवून. ती चिक्की दातांना अशी धरून बसायची की माणसाला जबडा सोडवण्यापलीकडे काही सुचायचं नाही. ती स्वतः दाराशी उभी राहायची, टीव्हीकडे पाठ करून, लोकांच्या तोंडांवर पहारा देत. त्यामुळे मालिकेचा एकही भाग तिने धड पाहिला नाही. अण्णा खुर्चीत ताठ बसून स्वतःचं काम बघायचे. लोक मोरीतून यायचे ते ओल्या चेहऱ्याने, लाल डोळ्यांनी, खांदे अजून थरथरत असलेले. एका रविवारी रात्री जेवताना अण्णा हळू आवाजात आईला म्हणाले, "पाहिलंस? लोकांना गहिवरून येतं." आईने नेहमीसारखं विचारलं, "भात वाढू?" पण त्या दिवशी तिने भातावर तूप जरा जास्त घातलं.

महिने असे गेले. सकाळचं गुणगुणणं आता इतकं जोरात चालायचं की जगतापकाका पलीकडून ताल धरायचे. आणि मग बापूने शेवटचा भाग जाहीर केला. या भागात तुफानराव दिसतील असे उडणार होते. पिंपळगावच्या हायवेवर मेव्हण्याच्या कांद्याच्या टेम्पोच्या केबिनवर, मागे हौद्यावर येईल अशी एक लांब फळी बांधली. अण्णा तिच्यावर पालथे, हात पुढे, पोट फळीच्या दोन्ही बाजूंनी. मागे हौद्यात, कांद्याच्या गोण्यांत, लग्नांचं शूटिंग करणारा बापूचा कॅमेरावाला उताणा पडून खालून वर बघत होता, म्हणजे चित्रात फक्त आभाळ आणि वीर. मी टेम्पोच्या पुढे, बापूच्या स्कूटरवर मागे वळून बघत होते. टेम्पोने वेग घेतला. झूल फडफडत सरळ वर उभी राहिली. गोण्यांतली टरफलं उडून कॅमेरावाल्याच्या डोळ्यांत गेली आणि त्याने डोळे मिटून घेतले, पण बोट बटणावर तसंच ठेवलं. धंद्याला जागणारा माणूस. अण्णा खाली उतरले तेव्हा त्यांच्या मिश्यांत किडे होते आणि चेहऱ्यावर असं काही होतं की ते मी कोणाच्याच चेहऱ्यावर नंतर पाहिलं नाही. मला म्हणाले, "शुभे, गार लागतं गं वर." झूल बापूने तिथेच न बघता गुंडाळून डिकीत टाकली, आणि पुढे गडबडीत कॅसेट लावून बघायचंही राहिलं.

हा भाग टीव्हीवर दाखवायचा नाही, असं बापूने ठरवलं. तो गणपतीत मंडळाच्या मैदानावर, मोठ्या पडद्यावर, भाड्याच्या प्रोजेक्टरने. आईला हे कळलं तेव्हा तिच्या हातातलं लाटणं थांबलं. मैदानात मोरी नाही. मैदानाला पुरेल एवढी चिक्की ती करू शकत नव्हती. आणि तिथे येणारी माणसं आपली थोडीच असणार? श्रमिकनगरपासून अंबडपर्यंतचे लोक येणार, त्यांना नियम कोण सांगणार? दोन दिवस ती घरोघर फिरली. बायकांना हात जोडले, पोरांना धाक घातला. जगतापकाकांना सांगितलं की तुम्ही मागच्या रांगेत उभं राहायचं आणि कोणी हसलं की सावधान म्हणायचं. काका म्हणाले, "वहिनी, मीच हसलो तर?" आईने त्यांच्याकडे नुसतं बघितलं.

त्या संध्याकाळी अण्णांनी इस्त्रीचा सफारी घातला, अत्तर लावलं आणि पहिल्या रांगेत मधल्या खुर्चीवर बसले. आईने त्यांच्या शेजारची खुर्ची घेतली आणि सरळ उलटी फिरवली. पडद्याकडे पाठ, मैदानाकडे तोंड. सगळ्या गणपतीत इतकी उग्र मूर्ती कुठल्या मंडळाने बसवली नसेल. मी तिच्या पायाशी बसले होते. भाग सुरू झाला. निळ्या काळोखासुराने भाषण केलं. मैदान गप्प. लोकांनी पदर तोंडात कोंबले होते, रुमाल चावले होते, एक जण स्वतःचं मनगट चावत होता. तुफानराव टाकीमागे गेले, शिट्टी झाली. गप्प. आई एकेका रांगेवरून नजर फिरवत होती आणि माणसं त्या नजरेखाली गवतासारखी आडवी होत होती. मला वाटलं, निभावलं. अण्णांचा पाय एका लयीत हलत होता. ते गुणगुणत होते.

मग पडद्यावर आभाळ आलं, आणि आभाळात अण्णा. खालून घेतलेले, प्रचंड, पोट एखाद्या ढगासारखं. आणि त्यांच्या पाठीवरून वर उभी राहिलेली लाल झूल. आईला मैदान दिसत होतं, पडदा नाही. तिने पाहिलं की लोकांचे चेहरे बदलले. आता ते हसू दाबत नव्हते. त्यांचे ओठ हलत होते. शेकडो माणसं एकाच वेळी मनातल्या मनात काहीतरी वाचत होती. मागच्या बाजूला बापू खाडकन उभा राहिला, त्याने पायातल्या चपला काढल्या आणि पडद्याला हात जोडले. आईला काही कळेना. सबंध मालिकेत पहिल्यांदा तिने मान वळवून पडद्याकडे बघितलं.

पिवळं अस्तर एका टोकाला लोंबत होतं, आणि नाशिकचा रक्षणकर्ता निळ्या आभाळातून चालला होता. त्याच्या मागे वाऱ्यावर फडफडत होतं, रुपेरी जरीत, पुरुषभर उंच: कै. ठकूबाई यांच्या स्मरणार्थ सप्रेम भेट.

आधी मला वाटलं खुर्ची मोडली. असा आवाज मी आमच्या घरात कधी ऐकला नव्हता. आईच्या घशातून काहीतरी फुटलं, तिने पदर तोंडाकडे नेला पण तो पोचलाच नाही, आणि ती हसली. खदखदून, मागे रेलून, खुर्चीच्या दांडीवर हात आपटत, डोळ्यांतून पाणी काढत. तिचा अंबाडा सुटला. तिला श्वास घेता येईना. पहाराच सुटल्यावर मैदान काय थांबतंय? शेवटच्या रांगेतून जगतापकाकांचा गडगडाट आला आणि त्यापाठोपाठ सगळं मैदान कोसळलं. इतक्या महिन्यांचं नळाखाली सोडलेलं हसू एकदम परत आलं. माणसं एकमेकांच्या खांद्यावर डोकी टेकून रडत होती. पडद्यावर अण्णा अजून उडतच होते, हात पुढे, मुद्रा अत्यंत गंभीर.

मी हसले नाही. मी अण्णांकडे बघत होते. त्यांचा पाय थांबला होता. गुणगुणणं थांबलं होतं. त्यांनी पडदा वाचला, मग मागे वळून मैदान बघितलं, मोरीतून येणारे ते सगळे ओळखीचे ओले चेहरे बघितले, आणि मला दिसलं की त्यांना सगळं कळलं. पहिल्या रविवारपासूनचं. ते उठून उभे राहिले. पुढच्या रांगांतल्या लोकांनी ते पाहिलं आणि त्यांचं हसू आटत गेलं, मग त्यांच्या मागच्यांचं. एकेक रांग विझत गेली. प्रोजेक्टरची घरघर ऐकू यायला लागली. माझ्या डोळ्यांपुढे माळा होता आणि गोणपाट होतं.

एकटी आई थांबत नव्हती. तिने दोन्ही हातांनी तोंड दाबलं, तरी बोटांतून हसू येतच होतं. सगळ्या मैदानात तेवढाच आवाज. अण्णांनी तिच्याकडे बघितलं, रोज जेवताना किस्सा संपल्यावर बघायचे तसं. मग त्यांनी सफारी खाली ओढला, मैदानाकडे तोंड केलं, आणि मेलेल्या सेनापतीच्या आवाजात, शेवटच्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणाले:

"बघा लोकहो, हिला हसवायला मला उडावं लागलं."